मार्जाराची झोळी

इतिहासाच्या पंगतींत पशूंनाहि पान वाढलेलें असतें. मात्र तें पान कोणापुढें मांडावें हें बहुधा राजवाड्यांतून ठरत आलें आहे. हत्तींची गणति झाली, घोड्यांच्या जाती, रंग व भोंवरे यांवर ग्रंथ निर्माण झाले, गाईबैलांची दानें शिलालेखांत कोरलीं गेलीं. मांजर चुलीच्या उबेशेजारीं राहिलें व तेथेंच विसरलें गेलें. बखरकारांनीं त्याच्याकडे फारसें पाहिलें नाहीं, आणि त्यानेंहि बखरकारांकडे पाहिल्याचें दिसत नाहीं. परंतु ज्याचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं त्याच्या देहावर पुष्कळ वेळां तें आपोआप लिहिलेलें असतें. मांजराच्या बाबतींत असा एक लेख त्याच्या पोटाखालीं आहे. मागच्या पायांच्या पुढें, ओटीपोटाशीं, कातडीची जी एक सैल घडी लोंबत असते व चालतांना इकडून तिकडे हेलकावे खाते, तिच्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

विषय क्षुल्लक वाटेल हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घरांत मांजर आहे त्या घरांत ही घडी हमखास चर्चेचा विषय होते. कोणी म्हणतें, मांजर गाभण आहे. कोणी म्हणतें, शस्त्रक्रियेपासून त्याचें पोट सुटलें. कोणी त्याच्या दुधाची वाटी बंद करतें. पुढें लठ्ठ मांजराचें वजन खरोखरच उतरतें, कंबर दिसूं लागते, आणि तरीहि ती झोळी जागच्या जागीं राहते. किंबहुना आंतील ऐवज गेल्यामुळें अधिकच रिकामी व लोंबती दिसते. मग गृहिणीस चिंता पडते कीं, उपास तर झाले, पण पोट कां जात नाहीं? या प्रश्नाचें उत्तर अर्धें शरीरशास्त्रांत आहे व अर्धें इतिहासांत आहे. आणि तें न समजल्यामुळें कित्येक मांजरांच्या जिवाशीं गांठ पडते, म्हणून तें नीट समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम ही झोळी मूळची कीं मागाहून आलेली, हें पाहूं. ती मूळची आहे. पिलूं सहा महिन्यांचें झालें म्हणजे तिचा आरंभ दिसूं लागतो. बोक्यास ती असते तशी मांजरीसहि असते. निर्बीजीकरण केलेल्यास असते तशी न केलेल्यासहि असते. पोटभर खाणाऱ्यास असते तशी गल्लींत उकिरडे फुंकणाऱ्या हाडकुळ्या मांजरासहि असते. कांहींमध्यें ती ठळक, कांहींमध्यें जेमतेम दिसेल अशी, एवढाच भेद. तिच्यांत कातडीचे दोन पदर व मध्यें थोडी चरबी असते. तिचा उपयोग काय, यावर पंडितांचें एकमत नाहीं. मांजरें भांडतांना एकमेकांस मिठी मारून मागच्या पायांच्या नखांनीं पोट ओरबाडतात, त्या वेळीं ही सैल कातडी आंतल्या अवयवांना ढालीप्रमाणें राखते असें कित्येकांचें मत. धांवतांना मागचे पाय लांबवर फेंकतां यावेत म्हणून कातडीस ही सूट ठेविली आहे, असें दुसऱ्यांचें म्हणणें. आणि ज्या शिकारी प्राण्यास आज मेजवानी व पुढचे चार दिवस एकादशी, त्याच्या पोटास ताणण्यास जागा हवी, असें तिसऱ्यांचें अनुमान. तिन्ही मतें एकमेकांस मारक नाहींत.

हें लेणें घरच्या मांजराचेंच नव्हे, त्याच्या थोर कुळाचेंहि आहे. १८३३ सालीं कॅप्टन वॉल्टर स्मी यानें लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढें गुजराथेंतील सिंहाचें वर्णन केलें तेव्हां, या सिंहास आयाळ जवळजवळ नसते, या गोष्टीवर त्यानें भर दिला. पुढें असें आढळून आलें कीं, आयाळ ही भरंवशाची खूण नव्हे. ती हवामानाप्रमाणें व वयाप्रमाणें कमीअधिक होते. गीरच्या सिंहास आफ्रिकेंतील सिंहापासून ओळखण्याची अधिक खात्रीची खूण म्हणजे त्याच्या पोटाखालून लांबवर गेलेली कातडीची वळी. वनराजास ज्या खुणेनें ओळखावयाचें तीच खूण स्वयंपाकघरांतील मांजरांत दिसतांच आपण तिला आळसाचें फळ म्हणतों, हा न्याय विचित्र होय. नाशिक जिल्ह्यांत निफाडकडे उसाच्या फडांतून बिबळ्यांचा वावर आहे. त्या जातीच्या जनावरांतहि पोटाखालीं सैल कातडी आढळते. तेथें मात्र तिला ढेरी म्हणण्याचें धाडस कोणी करीत नाहीं.

आतां हें मार्जारकुल आपल्या घरांत केव्हां शिरलें तें पाहूं. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याशेजारीं मांजर पुरलेलें सांपडलें व ती गोष्ट २००४ सालीं प्रसिद्ध झाली. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें ठरलें कीं, जगांतील पाळीव मांजरांचा मूळ पुरुष म्हणजे पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या भागांत राहणारें रानमांजर. मनुष्यानें गाय बांधली, घोडा धरला. मांजराच्या बाबतींत असें कांहीं झालेलें दिसत नाहीं. मनुष्यानें धान्य साठविलें, धान्यावर उंदीर आले, आणि उंदरांवर मांजर आलें. तें आपण होऊन आलें व आपल्या कामापुरतें राहिलें. आपल्याकडील जुना पुरावा पाहावयाचा तर सिंधमधील चन्हूदारो येथें अर्नेस्ट मॅके यांनीं १९३५-३६ सालीं जें उत्खनन केलें त्यांत एक वीट सांपडली. ती ओली असतांना तिच्यावरून एक मांजर गेलें व त्याच्या पाठोपाठ एक कुत्रा गेला. दोघांचीं पावलें त्या विटेवर उमटलीं आहेत, आणि तीं ज्या रीतीनें उमटलीं आहेत त्यावरून दोघेहि धांवत होते असें संशोधकांनीं अनुमान केलें. चार हजारांहून अधिक वर्षें झालीं, तो पाठलाग अद्यापि चालूच आहे.

महाराष्ट्रांत मांजर जुनें आहे याची साक्ष आपली भाषाच देते. संस्कृतांतील मार्जार हा शब्द 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणें या धातूपासून निघाला. सतत अंग चाटणाऱ्या प्राण्यास तो शोभतोहि. प्राकृतांत त्याचें मज्जार, मंजर असें रूप झालें, आणि बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत मार्जाराच्या 'मंजर' या रूपाकरितां स्वतंत्र सूत्रच घातलें आहे. त्या मंजराचें आपण मांजर केलें. जो शब्द इतक्या पिढ्यांच्या तोंडांतून घासून गुळगुळीत झाला तो ज्याचा वाचक आहे तो प्राणी परका असूं शकत नाहीं.

नाशिकपुरतें बोलावयाचें तर येथें उंदरांस अनुकूल अशी संपत्ति फार प्राचीन काळापासून होती. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यांत तीन हजार कार्षापणांची रक्कम गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिल्याचें नमूद आहे. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज, व त्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च, अशी ती व्यवस्था होती. जेथें अशा श्रेणी नांदत होत्या, सूत व कापड सांठत होतें, भिक्षूंचा चातुर्मास होत होता, तेथें कोठारें होतीं हें निराळें सांगावयास नको. आणि कोठार म्हटलें कीं उंदीर आलाच. त्या कोठाराच्या दारांत एखादें मांजर बसलेलें वाचकांनीं कल्पनेनें पाहावें, तें अगदीं निराधार होणार नाहीं.

मांजराच्या पोटाकडे बारकाईनें पाहण्याची आपल्या वाङ्मयांतील सर्वांत नामांकित कथा महाभारताच्या उद्योगपर्वांत आहे. दुर्योधनानें उलूकाकडून धर्मराजास जो बोचरा निरोप पाठविला त्यांत ती येते. एक बोका गंगेच्या कांठीं हात वर करून तपश्चर्येस बसला. त्याची ती शांत मुद्रा पाहून पक्ष्यांचा, व पुढें उंदरांचाहि विश्वास बसला व त्यांनीं त्यास मामा करून आपलें रक्षण त्याच्यावर सोंपविलें. बोक्यानें सांगितलें, तपानें मी क्षीण झालों आहें, मला चालवत नाहीं, तरी तुम्हीं मला रोज नदीवर नेत जावें. उंदीर नेऊं लागले. दिवस गेले तसतसा तपस्वी धष्टपुष्ट व तुकतुकीत होऊं लागला आणि उंदीर मात्र कमी होत चालले. तेव्हां डिंडिक नांवाचा एक शहाणा उंदीर परीक्षेसाठीं मामाबरोबर गेला, तो परत आला नाहीं. शेवटीं कोलिक नांवाच्या वृद्ध उंदरानें निवाडा केला. त्यानें दोन प्रमाणें पुढें मांडलीं: एक, याचें अंग वाढतें आहे व आपला समुदाय घटतो आहे, दुसरें, याच्या विष्ठेंत केंस सांपडतात, आणि कंदमुळें खाणाऱ्याच्या विष्ठेंत केंस नसतात.

या कथेंतील नीति सर्वांस ठाऊक आहे. मनूनेंहि चवथ्या अध्यायांत 'बैडालव्रतिक' म्हणून दांभिकाची संभावना केली आहे व अशास पाणी सुद्धां देऊं नये असें म्हटलें आहे. पंचतंत्रांत दधिकर्ण नांवाचा बोका नदीकांठीं धर्मनिर्णय करावयास बसतो व वादी-प्रतिवादी दोघांसहि गिळतो. महाबलिपुरम् येथें सातव्या शतकांत पल्लवांच्या काळीं कोरलेल्या प्रचंड शिल्पपटांत मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय डोक्यावर जोडलेला बोका आहे व त्याच्या पायांशीं उंदीर आहेत. जातककथांत तर अशी मौज आहे कीं, 'बिळार जातक' म्हणून जी कथा आहे तींत ढोंग करणारा प्राणी कोल्हा आहे, तरी नांव मांजराचें पडलें. इतका हा प्राणी दंभाकरितां बदनाम झाला होता.

परंतु आमचें लक्ष नीतीपेक्षां कोलिकाच्या पद्धतीकडे आहे. त्यानें मामाच्या मुद्रेवर भरंवसा ठेविला नाहीं; त्याचें अंग पाहिलें व खाल्लेल्याचा पुरावा तपासला. मांजराच्या प्रकृतीविषयीं आज पशुवैद्य यापेक्षां फार निराळें कांहीं करीत नाहींत. कथा रचणाराच्या मनांत आणखी एक गोष्ट गृहीत होती, ती अशी कीं, कृश मांजर हेंच नेहमींचें मांजर, आणि मांजर धष्टपुष्ट दिसलें कीं कोठेंतरी पाणी मुरतें आहे असें समजावें. हें गृहीत पुढें दोन हजार वर्षें खरें राहिलें.

आपल्या जुन्या घरांचें स्मरण केलें म्हणजे हें पटेल. नाशिकच्या जुन्या वस्तींतील वाडे असोत कीं खेड्यांतील घरें असोत, धान्य कणगींत, बळदांत किंवा पेवांत भरलेलें असे. दूधदुभतें शिंक्यावर टांगलेलें असे, आणि तें कोणापासून राखावयाचें हें 'शिंकें तुटलें नि बोक्याचें फावलें' या म्हणीवरून दिसतेंच. मांजरास घरांत राहण्याची मुभा होती, जेवणाचें आमंत्रण नव्हतें. ताटांतील उरलेला दूधभात, माशाचें डोकें खाणाऱ्या घरीं तेंहि, यापलीकडे त्याचा शिधा त्यानें स्वतःच मिळवावा असा रिवाज होता. पोट भरलें तर मांजर उंदीर धरणार नाहीं, असा समज त्यामागें होता. तो समज शास्त्राच्या कसोटीस पूर्णपणें उतरत नाहीं. मांजराची शिकारीची वृत्ति व त्याची भूक या बऱ्याच अंशीं निरनिराळ्या गोष्टी आहेत. तृप्त मांजरहि हालणाऱ्या वस्तूवर झेंप घालतें. परंतु समजाप्रमाणें आचार झाला, आणि अर्धपोटी मांजर हा आपल्या गृहव्यवस्थेचा एक भाग बनला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ अशा काळांत, जेथें माणसांच्याच बरगड्या मोजतां येत होत्या, तेथें मांजराच्या पोटाखालची झोळी कोणाच्या नजरेस येणार? ती तेव्हांहि होतीच, फक्त रिकामी होती.

त्यानंतर एक काळ असा आला कीं, या अर्धपोटी चाकराकडे सरकारी वैद्यांचें लक्ष गेलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत, धान्याच्या वखारींच्या वस्तींत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. अल्पावधींतच तो रेल्वेच्या व धान्याच्या वाटांनीं देशभर पसरला. नाशिक जिल्ह्यानेंहि त्याचे घाव सोसले. नाशिकजवळील भगूर येथें १८९९ सालीं दामोदरपंत सावरकर प्लेगनेंच वारले व त्यानंतर त्यांचीं मुलें नाशिकास आलीं, हें महाराष्ट्रास विदित आहे. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं लोक घरें सोडून माळावर झोंपड्यांत जाऊन राहत. रोगाचा उंदरांशीं व पिसवांशीं संबंध आहे असें पॉल-लुई सिमों यानें १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें, व पुढें मुंबईंत बसलेल्या प्लेग कमिशनच्या संशोधनानें तें प्रस्थापित झालें.

मग साहजिकच प्रश्न निघाला कीं, उंदरांच्या या जुन्या वैऱ्याचा उपयोग कां करूं नये? अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्युकॅनन यांनीं वऱ्हाडांतील गांवोगांवचीं मांजरें मोजविलीं, आणि जेथें मांजरें पुष्कळ तेथें प्लेगचा उपद्रव कमी, असा आपला निष्कर्ष १९०८ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं जपानच्या भेटींत रॉबर्ट कॉख यांनींहि तेथील अधिकाऱ्यांस मांजरें पाळण्याची शिफारस केली. वऱ्हाडांतील खेड्यांची मांजरगणति ही आपल्या इतिहासांतील एक विलक्षण घटना होय. ज्या प्राण्याची कोणी आजवर दखल घेतली नव्हती त्याची शिरगणति सार्वजनिक आरोग्यासाठीं होऊं लागली. या मताची मर्यादाहि सांगितली पाहिजे. मांजरासहि प्लेग होतो व त्याच्यापासून तो माणसास लागल्याचीं उदाहरणें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत नमूद झालीं आहेत. म्हणून मांजर म्हणजे प्लेगवरील कवच असें मानतां येत नाहीं. तथापि त्या काळीं मांजराचें मूल्य पोटावरून नव्हे तर पंजावरून ठरत होतें, एवढें त्यावरून निःसंशय दिसतें.

यानंतरच्या शंभर वर्षांत मांजराची चाकरी हळूहळू सुटली. १९४८ पासून वॉरफरिन हें उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें. धान्याचा मोठा साठा घरांतून निघून गुदामांत गेला. १९६५ सालीं स्थापन झालेल्या अन्न महामंडळाच्या कोठारांस मांजराची जरूर राहिली नाहीं. घरांतील बळदें व कणगी जाऊन पत्र्याच्या व पोलादाच्या कोठ्या आल्या, शिंक्याच्या जागीं शीतकपाट आलें. १९४७ सालीं अमेरिकेंत एडवर्ड लो यानें मांजराच्या मलमूत्रासाठीं शोषक मातीचा उपयोग सुरू केला, आणि त्यामुळें मांजरास दिवसरात्र घरांतच ठेवणें शक्य झालें. वाड्यांच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या. त्यांतील मांजरास ना माळा, ना कौलारू छप्पर, ना उंदीर. त्याच्यापुढें कोरड्या खाद्याची वाटी मात्र सदैव भरलेली. त्यांत निर्बीजीकरणाची भर पडली. तें मांजरांच्या संख्येच्या व आरोग्याच्या दृष्टीनें इष्टच आहे. परंतु त्यानंतर मांजराची अन्नाची गरज कमी होते व भूक मात्र वाढते, हें लक्षांत न घेतां वाटी पूर्वींच्याच मापानें भरली जाते. अशा रीतीनें जें हजारों वर्षांत घडलें नव्हतें तें दोन-तीन पिढ्यांत घडलें. सामान्य गृहस्थाच्या घरीं, एकहि उंदीर न खातां, मांजर लठ्ठ झालें. कोलिक आज असता तर त्याचा पहिला पुरावा खोटा पडला असता.

येथें आपण आरंभींच्या प्रश्नाशीं येतों. साधारण मांजराचें वजन साडेतीन ते पांच किलोग्रॅम असतें. तें सहा-सात किलोंवर गेलें म्हणजे चरबी बरगड्यांवर, कंबरेवर व या जन्मजात झोळींत सांठते, आणि झोळीची कातडी ताणली जाते. कातडीस लवचिकपणा देणारे तंतु असतात. ताण थोड्या दिवसांचा असेल व जनावर तरुण असेल तर ते पुष्कळ अंशीं पूर्ववत् होतात. ताण वर्षानुवर्षांचा असेल, जनावर वयस्क असेल, तर ते पूर्ण आखडत नाहींत. तेव्हां वजन उतरल्यावर जें लोंबतें त्यांत दोन भाग असतात: एक, निसर्गानें दिलेली मूळची घडी, जी कोणत्याहि उपासानें जाणार नाहीं व जाण्याचें कारणहि नाहीं, दुसरा, लठ्ठपणानें वाढविलेलें कातडें, जें काळानें थोडेंफार आखडेल किंवा तसेंच राहील. दोहोंपासूनहि मांजरास बहुधा कांहीं त्रास नसतो. तें चालतांना डुलतें, धांवतांना हेलकावतें, एवढेंच.

म्हणून मांजर अद्यापि लठ्ठ आहे कीं नाहीं याची परीक्षा झोळीवरून करूं नये. बोटें हलकेच फिरविलीं असतां बरगड्या हातास लागतात काय, आणि वरून पाहतां बरगड्यांच्या मागें कंबर आंत गेलेली दिसते काय, हें पाहावें. दोन्ही गोष्टी असतील तर झोळी कितीहि लोंबो, मांजर ठीक आहे. झोळी हातांत घेतली असतां ती पातळ, मऊ व मोकळी लागते, आणि तिला स्पर्श केल्यानें दुखत नाहीं. उलट सबंध पोटच ताठ व फुगलेलें असेल, बरगड्या दिसत असूनहि पोट वाढत असेल, झोळींत कठीण गांठ लागत असेल, किंवा सूज एकाएकीं आली असेल, तर तो इतिहासाचा विषय नव्हे. पोटांत पाणी होणें, अंतर्गळ किंवा स्तनांची गांठ यांपैकीं कांहींहि असूं शकेल, व पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये.

परंतु खरा धोका निराळाच आहे. झोळी जात नाहीं म्हणून अनेक घरांत मांजराचें अन्न आणखी तोडलें जातें. कुत्र्यास किंवा मनुष्यास एक-दोन दिवसांचें लंघन सोसतें. लठ्ठ मांजरास तें घातक होऊं शकतें. खाणें एकदम बंद पडलें कीं त्याच्या अंगची चरबी यकृताकडे लोटते, यकृत ती पचवूं शकत नाहीं, तें चरबीनें भरून जातें व मांजरास कावीळ होते. वेळीं उपचार न झाले तर तें दगावतें. हा विकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नीट ओळखला गेला. म्हणून वजन उतरवावयाचें तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें, आठवड्यास शेंकडा सुमारें एक या मानानें उतरवावें असा संकेत आहे. सहा किलोंचें मांजर साडेचारांवर आणावयाचें तर पहिल्या आठवड्यांत केवळ साठ ग्रॅम कमी व्हावे, आणि एकंदर काम सहा-सात महिन्यांचें समजावें. ज्यास एका महिन्यांत फळ पाहिजे त्यानें हा उद्योग आरंभूंच नये. मांजरानें पुरा एक दिवस अन्नास तोंड लावलें नाहीं तर त्यास तप समजून कौतुक करण्याऐवजीं वैद्य गांठावा.

आपल्या पूर्वजांनीं मांजरास ढोंगी तपस्वी ठरविलें. त्या आरोपांत मांजराचा दोष किती व कथाकाराच्या सोयीचा भाग किती, हें वाचकांनींच ठरवावें. एक गोष्ट निश्चित कीं, मांजरानें आपण होऊन उपासाचें व्रत कधींहि घेतलें नाहीं. पूर्वीं तें आपण त्याच्यावर लादलें, कारण आपल्याला उंदीर मारून हवे होते. आतां तें आपण त्याच्यावर लादतों, कारण आधीं आपणच त्याची वाटी विचार न करतां भरली. दोन्ही वेळां मोजमाप आपल्या हातांत होतें. वजन उतरल्यावर मागें राहिलेली ती रिकामी झोळी म्हणजे या मोजमापाचा जमाखर्च आहे. तिच्यांतील अर्धा भाग मांजराच्या कुळाचा, अर्धा आपल्या हाताचा. पहिल्याबद्दल कोणी खंत करूं नये, आणि दुसऱ्याबद्दलची शिक्षा मांजरास देऊं नये. त्याच्या वाटींतील माप रोज तेवढेंच व योग्य तेवढेंच ठेवलें, त्यास उड्या मारावयास थोडी उंच जागा व झेंप घालावयास दोरीच्या टोकाचें एखादें चिंधुक दिलें, म्हणजे आपलें कर्तव्य झालें. मग ती झोळी खुशाल डुलूं द्यावी.